दामूअण्णांचं चार फुटी घर

आमचे शेजारी दामूअण्णा म्हात्रे गाडी सुरू करण्याआधी मागे वळतात आणि अदबीने विचारतात, "बसलात ना नीट? निघू?" मग क्षणभर थांबतात आणि किल्ली फिरवतात. यात हसण्यासारखं एवढंच की मागे कोणीही नसतं. स्कूटरवर बसले तरी विचारतात. एकदा त्यांच्यामागे स्कूटरवर मी होतो, म्हणून "हो, बसलोय" असं उत्तर दिलं, तर ते इतके दचकले की स्कूटर बंद पडली. पस्तीस वर्षांत मागून उत्तर येण्याची त्यांना सवयच नव्हती.

अण्णांनी पस्तीस वर्षं गणपती वाहिले. पेणचे गणपती कुठेकुठे जातात याचं कौतुक सगळे करतात, पण ते जातात कसे हे कोणी विचारत नाही. ते अण्णांच्या बंद बॉडीच्या पांढऱ्या गाडीतून जायचे. खाली गोणपाट, त्यावर पेंढा, पेंढ्यात बसलेली मूर्ती, दोन मूर्तींच्या मध्ये पुन्हा पेंढा. गाडीच्या मागे लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'मूर्ती बसल्या आहेत, अंतर ठेवा'. एवढ्या वर्षांत एका गणपतीचं नखही दुखावलं नाही. फक्त एकदा, घाटातल्या एका वळणावर, एका उंदराचा डावा कान गेला. गणपतीचा नाही, उंदराचा. पण त्या वळणाचा विषय निघाला की अण्णा अजून गप्प होतात. तो कान त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून देव्हाऱ्याखाली ठेवलाय.

त्यांचा वेग ताशी तीस. पेणहून वडखळला जाताना सायकलवाले त्यांना मागे टाकतात आणि अण्णा त्यांना हात करून म्हणतात, "जावा, जावा, तुमच्या मागं काय देव बसलेला नाय." महामार्गाचं काम माझ्या मुलीच्या बारशाला चालू होतं आणि ती आता कॉलेजात आहे. त्यामुळे रस्त्यावरच्या जुन्या खड्ड्यांशी अण्णांचा घरोबा झालाय. एकाला ते 'तात्या' म्हणतात. गेल्या पावसाळ्यात तात्या बुजवला तेव्हा त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. पंधरा दिवसांत तात्या परत उघडला आणि अण्णांच्या जिवात जीव आला.

आम्ही पनवेलहून फ्रिज घेतला तेव्हा मी चूक केली. अण्णांना म्हटलं, येताना घेऊन या. फ्रिज आला तो पेंढ्यात बसून, गोधडी पांघरून, सुंभाने चारी बाजूंनी बांधून. आत भाज्यांच्या कप्प्यातही पेंढा भरलेला. पुढे महिनाभर आमच्या सरबतात काड्या निघत होत्या. बायको कुरकुरली तेव्हा अण्णा म्हणाले, "पण बसलाय ना नीट? मग झालं तर."

हे 'बसणं' त्यांच्या डोक्यातच बसलं आहे. पेणला दोन फुटी मूर्ती म्हणजे बसलेली दोन फूट, ही इथली रीत. अण्णांनी ती माणसांनाही लावली. कुणाची नवी सून बघून आले की सांगतात, "पोरगी बरी हाय. बसून पावणेतीन फूट भरेल." माणूस उभा राहिल्यावर किती उंच होतो याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

अण्णांच्या बायकोला, सुमनकाकींना, मी कायम बसलेलंच पाहिलं. ओटीवर एक वेताची हातांची खुर्ची, त्यात काकी. डोलवीच्या कंपनीत माझी फर्स्ट शिफ्ट असते तेव्हा मी उजाडायच्या आत बस गाठायला निघतो, तेव्हाही काकी अंगावर शाल घेऊन खुर्चीत. माझी बायको मला त्यांचं उदाहरण द्यायची. म्हणायची, काकी बघा, केव्हाच्या उठून बसतात, नाहीतर तुम्ही. मीही मान डोलवायचो. एवढ्या लवकर उठणारी बाई मी दुसरी पाहिली नव्हती.

काकींचं माहेर रोह्याचं. आमच्यापासून रोहा काही लांब नाही, पण तीन वर्षं काकी माहेरी गेल्या नव्हत्या. यावर आमच्या रामवाडीत, म्हणजे पेणच्या आमच्या वस्तीत, बरीच चर्चा होऊन एकमत होत आलं होतं की भावाशी बिनसलं. कशावरून, यावर मात्र तीन पक्ष होते. एक पक्ष जमिनीचा, दुसरा मानपानाचा, आणि तिसरा एका पितळी घंगाळाचा. घंगाळाचा पक्ष माझा होता. त्याला माझ्याकडे काहीही पुरावा नव्हता, पण ऐकणाऱ्याला घंगाळ पटकन डोळ्यांसमोर येतं.

मग भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. ही भाची काकींच्याच हातांत वाढलेली. ती स्वतः पत्रिका घेऊन आली आणि ओटीवर काकींच्या पायाशी बसली. "आत्या, पयली हळद तुझी. तू नाय आलीस तर मी अंगाला हळद लावून घेणार नाय, सांगून ठेवते."

"बघू गो," काकी म्हणाल्या. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. भाचीलाही ते कळलं. ती डोळे पुसत गेली आणि काकी उरलेला दिवस ती पत्रिका मांडीवर घेऊन बसल्या.

मी अण्णांना म्हटलं, "रोहा काय लंडन आहे? हळदीला जा, परत या. लग्नाला जा, परत या."

"तसं नसतं ते, साहेब," अण्णा म्हणाले. "हळदीला आत्या ऱ्हाते. ऱ्हात नाय ती पावणी."

"मग राहा की."

अण्णा चिंचेखाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बघत राहिले. दोन हंगामांपूर्वी त्यांनी धंदा बंद केला तेव्हापासून ती तिथेच होती. चार दिवसांनी त्यांनी जाहीर केलं, "गाडीचं घर करताव. लग्नाच्या आत. ही तिच्या घरातच बसून रोह्याला जाईल आणि तिच्या घरातच ऱ्हाईल." काकी म्हणाल्या, "लोक हसतील, अवो." अण्णा म्हणाले, "हसू दे की."

आणि लोक हसले. त्यात पुढाकार माझा होता.

पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीने अण्णांना मोबाईलवर काही व्हिडिओ पाठवले होते. एक दाढीवाला गोरा, त्याची बायको आणि एक कुत्रा गाडीत घर करून राहतात. भिंतीतून पलंग निघतो, पलंगाखालून चूल निघते, चुलीखालून कुत्रा निघतो. अण्णा ते सगळं आवाज बंद करून बघायचे. म्हणायचे, "तोंडाकडं कशाला बघायचं? हाताकडं बघायचं." काम सुरू झाल्यावर मात्र रामवाडीत ज्याने जन्मात खिळा ठोकला नव्हता तोही गाडीच्या दारात उभा राहून सल्ले देऊ लागला. कुणी म्हणे एसी हवा, कुणी म्हणे टपावर सोलर हवं, एक जण रोज येऊन फक्त कमोडची दिशा वास्तुशास्त्राप्रमाणे असावी एवढंच सांगून जायचा. अण्णांनी सगळ्यांचं ऐकलं आणि पहिला देव्हारा बसवला.

मी स्वतः ड्राफ्ट्समन. कंपनीत अजस्र लोखंडी सांगाडे मी संगणकावर मिलिमीटरपर्यंत चोख काढतो. शेजारधर्म म्हणून दोन रविवार खर्च करून मी अण्णांच्या गाडीचा नकाशा काढला. वरून, समोरून, दोन्ही बाजूंनी. पलंग सहा फूट दोन इंच, उशीकडे खिडकी, पायाशी कपाट. अण्णांनी नकाशा दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "झ्याक हाय. कागदपण जाड हाय." दुसऱ्या दिवशी तो रंगाच्या डब्याखाली अंथरलेला दिसला.

भिंतींत उष्णता रोखायला मी फोमचे तक्ते सुचवले. अण्णांनी पेंढा भरला. आठवड्यात आतून कुरतडल्याचा आवाज येऊ लागला. मी म्हटलं, "अण्णा, उंदीर." ते म्हणाले, "येणारच. त्याची पयल्यापासनं सवय हाय या गाडीची." मग पेंढा काढून, उन्हात घालून, कडुनिंबाचा पाला मिसळून पुन्हा भरला. फोम त्यांनी घेतलाच नाही.

गादीच्या कामाला सलीमभाई होते. मागच्या आळीतले. वीस वर्षं शारजाला गाड्यांच्या सीटा बनवून परत आलेले. फार कमी बोलणारा माणूस. अण्णा आणि ते तासन्तास गाडीत बसायचे, लाकडी चौकट उभी करायचे, टेकू दोन बोटं मागे घ्यायचे, परत एक बोट पुढे घ्यायचे. एका रविवारी मी टेप घेऊन आत गेलो आणि पलंग मोजला. चार फूट.

"अण्णा, हा चार फूटच आहे."

"व्हय."

"यावर झोपणार कोण?"

"ही."

"काकी पाच फुटांच्या तरी आहेत!"

"बसून तीनाला जरा कमी," अण्णा म्हणाले. "मोजलंय मी."

"आणि तुम्ही?"

"मी खाली, चटईवर. माझं काय."

मी सलीमभाईंकडे पाहिलं. ते दाभणात दोरा ओवत होते. दोरा एकदाही चुकला नाही आणि त्यांनी मानही वर केली नाही.

मला हसू आवरेना. पलंगाला मागे उंच टेकू होता, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे होते, आणि खिडकी उशीपाशी नव्हती. बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर होती. म्हणजे माझ्या मते तो पलंग नव्हताच, ते मखर होतं. एवढ्यावर थांबलं नाही. अण्णांनी मला त्या मखरात तासभर बसवून ठेवलं. गाडी चालू ठेवली, दार बंद केलं आणि दर दहा मिनिटांनी विचारायला लागले, "दम लागतो का?"

"बसून कशाला दम लागेल?"

"तोंडावर वारा येतोय?"

"येतोय."

"पाठ दुखते?"

"नाही हो. पण मला आडवं व्हायचं असेल तर?"

"ते ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी सलीमभाईंना टेकू आणखी एक बोट पुढे घ्यायला सांगितला.

ही गोष्ट मी पोटात ठेवणं शक्यच नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये सांगितली, कॅन्टीनमध्ये सांगितली, नाक्यावर चहा पिताना सांगितली. रंगवून सांगायचो. "पस्तीस वर्षांत अण्णांच्या गाडीत कुणी आडवं झालेलं नाही. आडवी झालेली मूर्ती म्हणजे फुटलेली मूर्ती. त्यामुळे माणूस रात्री आडवा होतो, हेच बिचारे विसरले! बायकोचं माप घेतलं ते बसवून!" इथे हमखास हशा यायचा. गाडीला मी 'बसकी एक्स्प्रेस' असं नाव दिलं आणि ते इतकं चाललं की पोरंटोरं गाडीला बघून आरोळी द्यायला लागली.

अण्णांच्या कानावर ते गेलंच. मला वाटलं रागावतील. तर ते स्वतःच हसले. नाक्यावर चारचौघांत म्हणाले, "चुकलं खरं माप. वय झालं माझं आता." एका उंदराच्या कानाचं दुःख आयुष्यभर वागवणारा माणूस दोन फुटांची चूक अशी हसण्यावारी कशी नेतो, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. माझी गोष्ट रंगत होती ना.

हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढे अण्णा आणि मी, मागे एका स्टुलावर सलीमभाई, कुठे काही ढिलं झालं तर बघायला. मला खड्डे ओरडून सांगायची कामगिरी होती. काकी सहा-सहा इंचांच्या पायऱ्यांवरून गाडीत चढल्या, प्रत्येक पायरीवर थांबून. दारात जमलेल्या बायकांकडे त्यांनी पाहिलंही नाही. मखरात बसल्या, मांडीवर हळदीची वाटी घट्ट धरली. अण्णांनी मागे वळून विचारलं, "बसलात ना नीट? निघू?" काकी काही बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर आपल्या ओटीकडे, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या. अण्णांनी क्षणभर वाट पाहिली आणि किल्ली फिरवली.

तात्याला वळसा घालून वडखळ गेलं, नागोठणं गेलं. भिसेखिंडीत अण्णा इतके हळू होते की एक म्हैस आमच्यापुढे चालून गेली. एसटीवाला मागून हॉर्न मारमारून दमला आणि बाजूने जाताना त्याने आमच्या गाडीवरचं 'मूर्ती बसल्या आहेत' वाचून, चुकून, हात जोडले. दीड तासाचा रस्ता आम्ही तीन तासांत केला.

रोह्याला कुंडलिका नदीपासून जवळच भावाची वाडी. गाडी आंब्याखाली लागायच्या आत बायका धावत आल्या. "आलीस गो! तीन वर्सांनी तोंड दावलंस! चल आत, माडीवर गादी घातलीय, जरा अंग टाक." काकींचा चेहरा पडला. पण अण्णा मध्ये आले, गाडीवर थाप मारून मोठ्याने म्हणाले, "हिला काय गादी दावताव? हिचं घर हिच्या संगती आलंय! बघा तर खरी!" झालं, सगळ्या बायका गाडी बघायला लोटल्या. देव्हारा बघितला, टपावरचा पंखा बघितला, आणि चार फुटांचा पलंग बघून तोंडाला पदर लावला.

मी तर तयारच होतो. मांडवात जेवणाच्या पंगतीत मी माझी गोष्ट अशी रंगवली की वाढपी थांबले. आडव्या मूर्तीपाशी आलो तेव्हा काकींचा भाऊ हसून हसून खोकायला लागला. "बसवून माप घेतलं!" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पंगतीच्या टोकाला सलीमभाई खाली मान घालून भात कालवत होते. ते हसत नव्हते. मला वाटलं, या माणसाला विनोद कळत नाही.

जेवण झाल्यावर वाडी सुस्तावली. माझा चार्जर गाडीत राहिला होता म्हणून मी आंब्याखाली गेलो आणि दार सरकवलं.

काकी झोपल्या होत्या. बसून. टेकूला पाठ, मान एका बाजूला उशीत रुतलेली, दोन्ही हात दांड्यांवर, दोन्ही कुशींना पेंढ्याच्या लहान लहान उश्या खोचलेल्या. खिडकीतून नदीकडचा वारा नेमका त्यांच्या तोंडावर येत होता. इतकी गाढ झोपलेली बाई मी क्वचितच पाहिली असेल. खाली चटईवर अण्णा बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

मी परत फिरणार होतो, पण अण्णा हळूच बाहेर आले. दार त्यांनी आवाज न करता लावलं.

"तीन वर्सं झाली," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आडवी झाली का दम कोंडतो तिचा. छाती भरून येते. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, गोळ्या घ्यायच्या आणि बसून झोपायचं. खुर्चीतच झोपते ती."

मला ओटीवरची वेताची खुर्ची आठवली. उजाडायच्या आत शाल पांघरून बसलेल्या काकी. लवकर उठणाऱ्या काकी! मी तीन वर्षं ज्या बाईच्या उठण्याचं कौतुक करत होतो ती बिचारी झोपलेली होती.

"मग माहेरी..."

"लोकांच्या घरी जायचं म्हंजे आडव्या झालेल्या पन्नास बायकांच्या मधी एकटीनं बसून ऱ्हायचं. एक इचारणार, काय झालं गो. दुसरी रडणार. तिला ते नको. भावाला कळलं तर तो लग्न सोडून हिचंच घेऊन बसंल, म्हणते. लग्नघरात माझं दुखणं नको. म्हणून तिनं येणंच सोडलं."

"अण्णा, मला सांगायचं नाही का? मी गावभर काय बोललो! आत्ता पंगतीत..."

"बरं केलंत की."

"बरं?"

"साहेब, गाडीत चार फुटाचा पलंग बघून कुणीतरी इचारलंच असतं, हा असा का?" अण्णा म्हणाले. "तुमी आधीच सांगून ठेवलंत, दाम्या येडा हाय, त्याचं माप चुकलं. सगळी माझ्याकडं बघून हसली. तिच्याकडं कुणी बघितलंच नाय. एवढंच पायजे होतं मला." आणि वर म्हणाले, "तुमी काय फुकट नाय हसवलंत."

मी आंब्याखाली उभा राहिलो. माणसाची थट्टा करताना आपण फार हुशार आहोत असं वाटतं. माझ्या हुशारीचा एक म्हातारा दोन महिने पडद्यासारखा वापर करत होता आणि मला पत्ता नव्हता. लाज वाटली, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला अण्णांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. आम्ही कंपनीतली माणसं, आमचं पाया-बिया पडणं राहून जातं. मी फक्त चार्जर न घेता मांडवात परत आलो.

सलीमभाई विहिरीवर हात धूत होते. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"सीट बनवायची म्हंजे बसणाऱ्याचं दुखणं ठावं पायजे," ते म्हणाले. "नाय तर कशी बनणार?"

संध्याकाळी हळद झाली. काकी गाडीतून उतरल्या त्या ताज्या चेहऱ्याने, केसांत अबोलीचा वळेसर. भाची पाटावर बसलेली. पहिली हळद काकींनी लावली. गालांना, हातांना, पायांना. खाली वाकताना अण्णांनी मागून त्यांची कोपरं धरली होती, आणि बघणाऱ्यांना वाटलं म्हातारा लाडात आलाय. बायकांनी त्यावर गाणं रचून अण्णांना नाव घ्यायला लावलं. भाची आत्याच्या गळ्यात पडली तेव्हा दोघींची तोंडं पिवळी झाली आणि काकी तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. घंगाळाचा पक्ष मी तिथेच विसर्जित केला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याकडची मंडळी आली. चहापाण्याला त्यातल्या एका जाड्या मामांनी गाडीत डोकावून पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "हा एवढासा पलंग? यावर आडवं कसं होणार हो?"

मांडवात सगळ्यांच्या माना वळल्या. काकींच्या हातातली बशी थांबली. भाऊ बहिणीकडे बघणार तेवढ्यात मी उठलो.

"मामा, इकडे या, बसा," मी म्हटलं. "त्याची एक मोठी गंमत आहे." आणि मी माझी गोष्ट सांगितली. आजवर इतकी चांगली कधी सांगितली नव्हती. उंदराचा कान घातला, माझ्या फ्रिजमधला पेंढा घातला, अण्णांची नक्कल केली, स्वतःचं मखरात बसणं अभिनयासकट करून दाखवलं. मामा मांड्या थोपटून हसले, भाऊ खोकला, बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. अण्णा मान खाली घालून अपराध्याचा चेहरा करून उभे होते, आणि तो चेहरा त्यांना उत्तम जमतो हे मला पहिल्यांदा दिसलं. कोपऱ्यात सलीमभाई होते. या वेळी सगळ्यांत मोठ्याने ते हसले. काकींनी बशी तोंडाला लावली.

हे सगळं लिहिण्याआधी मी काकींना विचारलं. भावाला आणि भाचीला त्यांनी लग्नानंतर महिनाभराने स्वतःच सांगून टाकलं होतं, त्यामुळे आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "लिवा. पण माझं बसून माप किती ते लिवू नका." ते वर लिहून झालेलं आहे, तेवढं त्यांना कुणी वाचून दाखवू नये.

तिसऱ्या दिवशी आम्ही रोह्याहून निघालो. भाची सासरी गेली होती. भावाने गाडीत तांदळाची गोण आणि कोकमं भरली आणि बहिणीला दम दिला, "आता सारखी येत जा गो, तुझं घर हायच की संगती." काकी मखरात बसल्या. अण्णांनी दोन्ही बाजूंच्या उश्या तपासल्या, खिडकी बोटभर उघडली आणि पुढे येऊन बसले. मी खड्डे बघायला त्यांच्या बाजूला.

अण्णा मागे वळले. नेहमीच्याच अदबीने म्हणाले, "बसलात ना नीट? निघू?"

आणि थांबले. किल्लीला हात लावला नाही.

"व्हय," मागून आवाज आला. "नीट बसलेय. जावा सावकाश."

या वेळी अण्णा दचकले नाहीत. त्यांनी समोर बघून डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.